राणीसाहेबांचा हंडा

कितीतरी वर्षांनी माहेरच्या नाशकात आलेल्या यमूताई भांडीबाजारात एका पोचा पडलेल्या तांब्याच्या हंड्यापाशी थबकल्या. हंड्यावर नाव होतं, द्वारकाबाई.

"हात लावू नका!" दुकानाचे शेठ गुरकावले. "राणीसाहेबांचा हंडा आहे. हे बघा, खुद्द त्यांचं नाव!"

"राणीकडे हंडे किती असतील हो?"

"शेकड्यांनी!"

"मग ती नाव कशाला घालेल? नावं घालतो आम्ही. शेजारीपाजारी लग्नकार्याला नेतात, तो ओळखून परत यावा म्हणून. राणीच्या दारात हंडा मागायला कोण जातंय?"

गिऱ्हाइकं खो खो हसली. शेठ वरमले. "मग ही द्वारकाबाई कोण?"

"माझी आई." यमूताई त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिल्या. "हंडा आला का, म्हणून शेवटपर्यंत विचारत होती."