टिंबूचं लुकलुक

एक होतं निळं निळं रान. कुठं होतं? आईच्या कॉम्प्युटरात!

रानात सगळं कॉम्प्युटरात लिहिलेल्या ओळींवर चालायचं. ओळ म्हणायची, "चांदोबा, वर ये." चांदोबा वर. ओळ म्हणायची, "टिंबू, लुकलुक." की टिंबू लुकलुक लुकलुक! टिंबू म्हणजे काजवा बरं का. तिळाएवढा.

ओळीखाली तिची जुनी ओळ झोपायची. तिच्याखाली आणखी जुनी. गोधडीत थर असतात ना, तस्से. ओळीला कुणी हात लावला, की त्याचं नाव तिच्या काठावर.

आज सकाळी आई, काका, मावशी अशा मोठ्या माणसांनी रान आवरलं. दुपारी आईच्या छोट्या ओजूला झोप आली. ती रोज टिंबूचं लुकलुक बघतच झोपायची. टिंबूनं अंग फुगवलं. लुक...

नाही! उजेड गेला!

भिर्र भिर्र! टिंबू गेला वरच्या ओळीकडे. काठावर नाव, मावशी.

"ओळी गं ओळी, माझा उजेड दे!"

"मी नाही देत जा! मावशीनं मला नुसतं सरकवलं. खालची देईल, तर मी देईन."

भिर्र भिर्र! खाली रंगीत ओळ. काठावर नाव, काका.

"ओळी गं ओळी,
सरकलेली ओळ देईना,
माझा उजेड मिळेना!"

"मी नाही देत जा! काकांनी मला नुसतं रंगवलं. खालची देईल, तर मी देईन."

भिर्र भिर्र! आणखी खाली झाडलेली ओळ. काठावर नाव, आई.

"ओळी गं ओळी,
रंगीत ओळ देईना,
सरकलेली ओळ देईना,
माझा उजेड मिळेना!"

झाडलेली ओळ लाजली. "आईनं मला झाडलं. झाडता झाडता लुकलुक पडलं. माझ्याकडे नाहीच रे! खालची देईल, तर मी देईन."

भिर्र... भिर्र... अगदी खाली. मऊ मऊ अंधार. तिथं जुनी ओळ झोपलेली. पोटाशी काय? लुकलुक!

"ओळी गं ओळी,
झाडलेली ओळ देईना,
रंगीत ओळ देईना,
सरकलेली ओळ देईना,
माझा उजेड मिळेना!"

"हूं..." जुनी ओळ झोपेतच म्हणाली. "मी नाही उठत जा! आई हाक मारील, तर मी उठेन."

भिर्र भिर्र! टिंबू वर आला. काचेला टेकला. बाहेर आई, वरच्या ओळीचं नाव वाचून जवळ बसलेल्या मावशीवर रागावलेली.

"आई गं आई,
जुनी ओळ उठेना,
झाडलेली ओळ देईना,
रंगीत ओळ देईना,
सरकलेली ओळ देईना,
माझा उजेड मिळेना!"

"कशी हाक मारू रे राजा? मांडीवर ओजू रडतेय. ओजू गप्प होईल, तर मी हाक मारीन."

"ओजू गं ओजू,
आई हाक मारेना,
जुनी ओळ उठेना,
झाडलेली ओळ देईना,
रंगीत ओळ देईना,
सरकलेली ओळ देईना,
माझा उजेड मिळेना!"

ओजूनं ऐकलंच नाही. तिचं आपलं भ्यां! "मी नाही गप्प होत जा! माझा टिंबू गेला! टिंबू येईल, तर मी गप्प होईन."

झाली का पंचाईत! आता जायचं कुणाकडे?

टिंबू काचेवर हळूच चालला. ओजूचं बोट टेकलं होतं, तिथंच बसला. टिक.

"अगं ओजू, मी इथंच आहे. नुसता दिसत नाही."

ओजूनं डोळे पुसले. नाक पुसलं. वाकून बघितलं. "आहे! काळा काळा आहे, पण आहे!"

मग काय! ओजू झाली गप्प. आईनं मारली हाक. जुनी ओळ उठली. तिनं दिलं झाडलेलीला. झाडलेलीनं रंगीतला. रंगीतनं सरकलेलीला. सरकलेलीनं टिंबूला.

लुकलुक! लुकलुक!

आईनं झाडलेल्या ओळीचा काठ वाचला. "अगं बाई! मीच सांडलं की! आणि वरचं नाव बघून मावशीवर रागावले!"

"मग मावशीला पापा दे," ओजू म्हणाली. आणि मोठ्ठी जांभई दिली.

आईनं मावशीला पापा दिला. ओजूचे डोळे मिटले. बोट काचेवरच राहिलं. बोटाखाली टिंबू.

लुक... लुक...
लुक...
तुम्हीही मिटा डोळे. टिंबू इथंच आहे.