मिक्सर फिरेना, खोबरं मिळेना

कान इकडे, डोळे इकडे. बसलात सगळे? मग ऐका.

एक होती मुंगी. लाल लाल. एवढीशी. नाव तिचं ठिणगी.

ठिणगी राहायची शेवंतामावशीच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या फटीत. रोज सकाळी मावशी चटणी वाटायची. मिक्सर म्हणायचा, घुर्रर्र! घुर्रर्र! झाकण जरा हलायचं. खोबऱ्याचा एक कण उडायचा. टप्! ओट्यावर पडायचा.

तो कण ठिणगीचा. मावशी सगळा ओटा पुसायची, पण तो कण नाही पुसायची. म्हणायची, "राहू दे. ठिणगीचा आहे."

आता कुणी म्हणेल, एवढ्याशा कणाचं काय घेऊन बसलात? अहो, एवढीशी मुंगी! एवढासा कण म्हणजे तिचं ताटभर जेवण!

एकदा काय झालं, सकाळ झाली. ठिणगी फटीतून बाहेर आली. ऐकते तर घुर्रर्र नाही. बघते तर कण नाही.

ठिणगी आधीच लाल. रागानं आणखी लाल!

"मिक्सर, मिक्सर, फिर ना!
ठिणगीला खोबरं मिळेना!"

मिक्सर म्हणाला, "कसा फिरू? माझा कपलर तुटला."

कपलर म्हणजे काळी दातेरी चकती. ती फिरली की वरचं पातं फिरतं. ती तुटली की सगळं गप्प.

"गफूरचाचानं नवा कपलर बसवला तर फिरेन. नाही तर नाही."

"वा रे वा! हा कुठला न्याय?" ठिणगी म्हणाली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

बाजारात होती गफूरचाचाची टपरी. चाचा पंखे दुरुस्त करायचा, मिक्सर दुरुस्त करायचा, रुसलेले रेडिओ बोलते करायचा. आत्ता पंखा उघडून बसला होता. स्क्रू फिरवत होता. किर्र किर्र, किर्र किर्र.

"चाचा, चाचा, कपलर बसवा ना!
मिक्सर फिरेना,
ठिणगीला खोबरं मिळेना!"

चाचा म्हणाला, "कसा बसवू, बेटा? माझ्याकडे कुठला आलाय कपलर? मोतीशेठनं नवा दिला तर बसवीन. नाही तर नाही."

"वा रे वा! हा कुठला न्याय?" आणि ठिणगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

समोरच मोतीशेठचं दुकान. भिंतभर खणच खण. एका खणात बटणं. एका खणात वायरी. एका खणात रिमोटची रबरं. शेठ खण उघडायचा, खडाड्! खण लावायचा, खडाड्!

"शेठ, शेठ, नवा कपलर द्या ना!
चाचा कपलर बसवीना,
मिक्सर फिरेना,
ठिणगीला खोबरं मिळेना!"

शेठ म्हणाला, "या या, ठिणगीबाई, बसा. कपलर देतो की! पण कुठला देऊ? हा जाडा, हा बारीक. हा मोठ्या दातांचा, हा छोट्या दातांचा. जुना आणा, दाताला दात लावू, मग नवा देऊ. एक जण असाच अंदाजानं घेऊन गेला होता. चटणी राहिली बाजूला, मिक्सरच ओट्यावर नाचला! जुना दाखवला तर देईन. नाही तर नाही."

ठिणगी टपरीकडे वळून ओरडली, "चाचा, जुना कपलर कुठंय?"

चाचानं डोकं खाजवलं. "तो होय? काल मावशीकडे मिक्सर उघडला, जुना काढला, तिथल्याच खिडकीतून फेकला. साळुंकीनं उचलला."

शेठनं कपाळावर हात मारला. "चाचा! एवढी वर्षं दुरुस्ती करता, आणि जुना तुकडा फेकता?"

"चुकलं, शेठ," चाचा हळूच म्हणाला.

"चुकले चाचा, आणि उपाशी कोण? मी! वा रे वा! हा कुठला न्याय?" आणि ठिणगी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

पिंपळाच्या ढोलीत साळुंकी. साळुंकीच्या पंखाखाली पिल्लू.

"साळूताई, साळूताई, जुना कपलर दे ना!
शेठ नवा कपलर देईना,
चाचा कपलर बसवीना,
मिक्सर फिरेना,
ठिणगीला खोबरं मिळेना!"

साळुंकी म्हणाली, "कसा देऊ, बाई? ढोलीला पडलंय भोक. भोकावर ठेवलाय कपलर. तो काढला तर माझं पिल्लू पडेल ना! मला सुतळी हवी. भोक बुजवीन, मग कपलर देईन. सुतळी आहे बोक्याच्या पोटाखाली. बोका उठला तर देईन. नाही तर नाही."

पिल्लानं ठिणगीकडे पाहिलं. म्हणालं, "चिव्."

ठिणगी पिल्लावर नाही रागावली. बोक्यावर रागावली! तुरुतुरु, तुरुतुरु.

पिठाच्या गिरणीची पायरी. पायरीवर ऊन. उन्हात सुतळीचा टाकलेला गुंता. आणि गुंत्यावर ढब्बू बोका. घुर्र घूं, घुर्र घूं.

"बोक्या, बोक्या, ऊठ ना!
साळुंकी जुना कपलर देईना,
शेठ नवा कपलर देईना,
चाचा कपलर बसवीना,
मिक्सर फिरेना,
ठिणगीला खोबरं मिळेना!"

बोक्यानं एक डोळा उघडला. "कोण बोलतंय? दिसत तर कुणीच नाही!"

"मी! ठिणगी!"

"हॅ! चल हो बाजूला, चिमुरडे. मला उठवणारा आला तर उठेन. नाही तर नाही." आणि बोक्यानं डोळा मिटला. घुर्र घूं, घुर्र घूं.

झालं! ठिणगी लाल लाल लाल झाली.

"बोका उठेना,
साळुंकी जुना कपलर देईना,
शेठ नवा कपलर देईना,
चाचा कपलर बसवीना,
मिक्सर फिरेना,
ठिणगीला खोबरं मिळेना!
आणि म्हणे दिसत नाही? थांब, दाखवते!"

तुरुतुरु शेपटीवर. तुरुतुरु पाठीवर. तुरुतुरु कानावर. आणि...

कुट्ट!

"म्यांऽऽऽव!" बोका उडाला हातभर! सुतळी पायात अडकली. बोका पळाला, सुतळी पळाली. बोका पिंपळाखाली गेला, पाय झटकले. सुतळी सुटली. बोका गायब!

साळुंकी खाली आली, भुर्र! सुतळी उचलली. भोक बुजवलं. पिल्लू मऊ मऊ बसलं. साळुंकीनं जुना कपलर शेठच्या दुकानात टाकला. टप्!

शेठनं खण उघडला, खडाड्! नवा काढला. दाताला दात लावला. "जुळला! घ्या चाचा, नवाही आणि जुनाही!"

चाचा मावशीकडे धावला. ठिणगी त्याच्या खिशावर बसून. मिक्सरचा कपलर उलटा फिरवून घट्ट करायचा, बरं का! चाचानं फिरवला. किर्र किर्र, घट्ट.

मावशीनं खोबरं घातलं. झाकण दाबलं. बटण फिरवलं.

घुर्रर्र! घुर्रर्र!

ठिणगी ओट्यावर बसली. वाट बघितली. वाट बघितली.

कण काही उडेना.

"मावशी!"

"काय गं, ठिणगे?"

"बोका उठला,
साळुंकीनं जुना कपलर दिला,
शेठनं नवा कपलर दिला,
चाचानं कपलर बसवला,
मिक्सर फिरला,
ठिणगीचं खोबरं कुठंय? वा रे वा! हा कुठला न्याय?"

मावशीनं झाकणाकडे पाहिलं. झाकणावर तिचाच हात, घट्ट दाबलेला!

"अगं बाई! मिक्सर नीट झाला म्हणून आनंदानं दाबूनच धरलं मी." मावशीनं मिक्सर थांबवला. झाकण उघडलं. बोटावर चटणी घेतली, ओट्यावर ठेवली. कण नाही, चांगला गोळा!

"घे. हा तुझा हक्काचा."

चाचानं जुना कपलर उचलला. खिडकीकडे पाहिलं. मग ठिणगीकडे पाहिलं. आणि गुपचूप खिशात ठेवला.

ठिणगीनं गोळ्याला मिठी मारली. मचमच, मचमच, मचमच.

तिचं पोट भरलं, आपली गोष्ट सरली. आता तुम्हीही चटणीशी घावन खा, आणि एक कण ओट्यावर ठेवा!