डोली उद्या उडणार नाही

फार फार पूर्वी एक रान होतं, आणि त्या रानाला भलता अभिमान होता. वाघाचा नव्हे, वडाचा नव्हे, तर आपल्या उडत्या डोल्यांचा.

रानाच्या मधोमध खोल दरी होती. पलीकडे जायचं तर डोंगराला वळसा घालून दिवसभर पायपीट करावी लागे. म्हणून सुगरण पक्षीण गवताच्या डोल्या विणायची, आणि करकोचे त्यांचे दोर छातीला बांधून ससे, साळिंदरं, म्हाताऱ्या घोरपडी अशा साऱ्यांना पलीकडे पोचवायचे. डोली टेकली की पुढचा करकोचा ओरडायचा, "सुखरूप!" ही आरोळी ज्याच्या तोंडून निघाली नाही तो करकोचा कसला, असं तिथे मानत.

यंदा सुगरणीने जुन्या डोल्या मोडून नव्या घाटाच्या डोल्या विणल्या. लांब, डौलदार, दुप्पट मंडळी बसतील अशा. रान हुरळून गेलं. पलीकडच्या रानात जत्रा होती, आणि वाघोबा महाराजांनी जाहीर केलं, "जत्रेला नव्या डोल्यांतूनच जायचं. पहिल्या डोलीत माझे बछडे बसतील. बघू दे जगाला!"

करकोच्यांच्या नाईकाला सगळे नाईकदादा म्हणत. जत्रेच्या आदल्या दिवशी त्याला तळ्याकाठी एक करकोची मान खाली घालून उभी दिसली. ती त्याच्या थव्यातली उत्तम उडणारी होती.

"काय झालं गं?"

"दादा, मला या कामावरनं काढा. खालनं वारा लागला की माझी नवी डोली नाक खाली घालते. काल दरीत पडता पडता वाचलो. मला उडताच येत नाही हो."

"मग उतरल्यावर 'सुखरूप' कशी ओरडलीस?"

"नसते ओरडले तर लोक काय म्हणाले असते? आजवर कुणी गप्प राहिलंय का?"

परवा नाईकाच्याही डोलीने असंच नाक खाली घातलं होतं. वय झालं आपलं, असं मनाशी म्हणून त्यानेही झोकात आरोळी ठोकली होती.

त्याने सगळा थवा गोळा केला. आधी स्वतःचं सांगितलं, मग विचारलं, "आणखी कुणाला असं झालं?" आधी एक पंख वर झाला. मग दुसरा. बघता बघता एकही पंख खाली राहिला नाही. प्रत्येकाला वाटत होतं, चूक आपलीच! अख्खा थवा एकदम उडायला विसरतो होय? खोट डोलीतच होती.

नाईक तडक दरबारात गेला. "महाराज, डोली उद्या उडणार नाही."

"आणि शेजारच्या राजाला मी काय तोंड दाखवू?" वाघोबा गुरगुरला. "आजवर एक तरी डोली पडली का?"

"नाही पडली. म्हणूनच आज थांबवतोय. पडल्यावर कुणीही थांबवेल, त्याला नाईक कशाला हवा?"

"मी दुसरा नाईक नेमीन!"

"खुशाल नेमा. पण त्याच्या छातीला दोर बांधण्याआधी एकदा बछड्यांच्या जागी दगड ठेवून बघा. दोरांना ओढताच सुटेल अशी सरकगाठ मारा. मीच उडवतो."

दरबारात बसलेल्या सुगरणीचं नाक फेंदारलं. "माझ्या विणीत खोट? ठेवा दगड!"

दुसऱ्या दिवशी सकाळी वारा नेहमीपेक्षा जोराचा होता. नाईक आणि त्याचे सोबती दगड भरलेली डोली घेऊन उडाले. दरीच्या मध्यावर खालून झोत आला. डोलीने नाक असं खाली घातलं की कुणालाच आवरेना. सरकगाठी सुटल्या आणि डोली दगडांसकट तळाशी जाऊन फुटली. काठावर वाघीण बछड्यांना पोटाशी घेऊन उभी होती.

सुगरण पुढे आली. "जागा वाढवण्याच्या नादात बैठक मीच पुढे सरकवली. बाकीच्या डोल्या मीच उसवणार." आणि ताठ मानेने ती उसवायला बसली.

मग सगळं रान वळसा घालून पायी निघालं. जत्रा उठायच्या वेळी, धुळीने माखून पोचलं. शेजारच्या रानातला कोल्हा खो खो हसला, "काय हो, तुमच्या त्या डोल्या कुठंयत?"

पाठीवर बछडे घेतलेला वाघोबा छाती काढून म्हणाला, "जमिनीवर! आमच्या नाईकाने थांबवल्या. तुमच्याकडे आहे का असा कुणी?"

मागे उभ्या नाईकाने ते ऐकलं. उभ्या आयुष्यात कुठल्याही उड्डाणाचा त्याला इतका अभिमान वाटला नव्हता.

तात्पर्य: खोट कळताच उड्डाण थांबवण्याची ज्याची छाती असते, त्याच्याच भरवशावर निर्धास्त उडावं.