हवालदार मामांचा परवाना

एका गावात एक भोळा भाचा होता. गजाबा त्याचं नाव. सांगितलं ते करायचा आणि सांगितलं तेवढंच करायचा. एवढ्या गुणावर कचेरीत माणसाला बढती मिळते. गजाबाला घरात शिव्या मिळायच्या.

त्याचे मामा रामहरी शेलार फौजेतून हवालदार होऊन परतले होते. तरुणपणी ते हिमालयात, पार सरहद्दीवरच्या एका खिंडीत पहाऱ्याला होते. तिथं त्यांचा जिवाभावाचा दोस्त बर्फात गेला. खिंडीत त्याच्या नावाचा दगड आहे. ‘पुन्हा येतो रे,’ असं मामा त्या दगडाला सांगून आले होते आणि तेव्हापासून ते शब्द त्यांना टोचत होते. आता गुडघे कुरकुरायला लागले होते.

"यंदा न्हाई तर कधीच न्हाई," मामा म्हणाले.

पण त्या खिंडीत परवान्याशिवाय कुणाला सोडत नाहीत. एकट्याला परवाना मिळत नाही, निदान दोघं लागतात. आणि एका नावाला एका हंगामात एकच फेरी. गावात दुसरं कुणी रिकामं नव्हतं, म्हणून मामांनी गजाबाला धरला. लोक म्हणाले, "हवालदार, इचार करा." मामांनी केला नाही.

पहिल्यांदा गजाबाला अर्ज घेऊन तालुक्याला धाडला. मामांनी बजावलं, "कागद जिवापाड जप. कुणाच्या हातात दिऊ नगं."

गजाबा कचेरीत गेला. खिडकीतले बाबू म्हणाले, "आणा अर्ज." गजाबा चार पावलं मागं सरला आणि अर्ज छातीशी धरून म्हणाला, "तिथनंच वाचा." बाबूंनी चष्मा पुसला, मान लांब केली, मग खिडकीच बंद केली. गजाबा अर्ज जसाच्या तसा घेऊन घरी आला.

मामांनी कपाळावर हात मारला. "आरं येड्या, खिडकीत बसलेल्याला कागद द्यायचा असतोय! आन् शिक्का मारल्याबिगर हटायचं न्हाई."

"चुकलं मामा. पुढच्या खेपंला ध्यानात ठेवीन."

आणि त्यानं ध्यानात ठेवलं.

अर्ज मामांनी स्वतःच जाऊन दिला आणि दोघं आगगाडीत बसले. परवान्यासाठी लागणारा डॉक्टरचा दाखला गजाबाकडे होता. मामांचा जरा डोळा लागला. समोर खिडकीत एक म्हातारी बसली होती. गजाबानं दाखला तिच्या मांडीवर ठेवला.

"ह्ये काय रं बाबा?"

"शिक्का मारा."

"मी कशाला मारू?"

"तुम्ही खिडकीत बसलाय."

म्हातारीनं खूप समजावलं. गजाबा हटेना. शेवटी तिनं कंटाळून करंडा उघडला, अंगठा कुंकवात बुडवला आणि दाखल्यावर उमटवला. मामा जागे झाले तेव्हा ती पुढच्या स्टेशनवर उतरून गेली होती.

"आरं, असल्या-तसल्याला कागद दावायचा नसतोय! वर्दीतल्या माणसालाच द्यायचा. वर्दी दिसली की एक प्रत द्यायची, सलाम ठोकायचा, संपलं."

"चुकलं मामा. पुढच्या खेपंला ध्यानात ठेवीन."

गंमत अशी, की डोंगरातल्या त्या शेवटच्या गावी परवाना देणाऱ्या साहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला आणि म्हणाले, "लाल शिक्का आहे. छान." परवाना मिळाला. मामांना आनंदानं रडू यायचं बाकी होतं. वाटेत कुठं लागल्या तर असाव्यात म्हणून त्यांनी परवान्याच्या बऱ्याच प्रती काढून घेतल्या आणि गजाबाकडे दिल्या.

त्याच संध्याकाळी रस्त्यानं एक वरात चालली होती. पुढं बँडवाले. लाल कोट, सोनेरी बटणं, खांद्यावर झालरी. एवढी वर्दी गजाबानं जन्मात पाहिली नव्हती. त्यानं प्रत्येकाच्या हातात एकेक प्रत दिली आणि प्रत्येकाला कडक सलाम ठोकला. ढोलवाल्यानं ती ढोलात खोचली. उरला तो फक्त अस्सल परवाना, तोही गजाबा नवरदेवाच्या घोडेवाल्याला द्यायला निघाला होता, कारण त्याच्या डोक्यावर तुरा होता. मामांनी तो झडप घालून वाचवला.

"गाढवा! ह्ये अस्सल हाय! अस्सल कोरड्यात, उबेत, कुलपात ठिवायचं. भायेर पडायची ती नक्कल, आन् द्यायची ती बी नक्कल. जा, सगळ्याची परत झेरॉक्स काढून आण."

"चुकलं मामा. पुढच्या खेपंला ध्यानात ठेवीन."

गजाबानं सगळ्याची झेरॉक्स काढली. परवान्याची काढली, मामांच्या ओळखपत्राची काढली. दुकानदारानं ओळखपत्र मोठं करून दिलं. पानभर मामाच मामा.

सकाळी जीप दाराशी आली. बर्फ भुरभुरत होतं. दुसऱ्या दिवसापासून खिंड बंद होणार होती. मामा खोलीत बुटाच्या नाड्या बांधत होते. फौजेतली जुनी टोपी डोक्यावर होती आणि तोंडानं ते कवायतीचं गाणं गुणगुणत होते. गजाबा उंबऱ्यात उभा राहून बघत होता. त्यानं बर्फाकडं पाहिलं, मग मामांकडं पाहिलं. असा मामा दुसरा कुठं मिळणार नाही, हे त्याला पटलं.

त्यानं मामांच्या खांद्यावर शाल टाकली, अस्सल परवाना त्यांच्या उशाशी ठेवला, बाहेरून कुलूप घातलं आणि नक्कल घेऊन जीपमध्ये बसला.

पायथ्याच्या चौकीवरचा शिपाई शेगडीपासून उठला नाही.

"किती जण?"

"परवान्यावर हाईत तेवढं."

शिपायानं ‘दोन’ लिहिलं आणि अडसर वर गेला.

दुपारी जीप परत आली. आता शिपाई बाहेर उभा होता.

"दुसरा कुठाय?"

"वर ठेवला, दगडापाशी."

शिपायाचा चेहरा उतरला. "हलत नव्हता?"

"वाऱ्यानं हलत होता. मग छातीवर धोंडा ठेवून आलो."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. शिट्ट्या वाजल्या, मोठे साहेब आले. गजाबाला मध्ये बसवून सगळे त्याच्या मुक्कामी आले, मामांचं सामान ताब्यात घ्यायला. कुलूप उघडलं. आत मामा बूट घालून, टोपी घालून बसले होते. ओरडून ओरडून घसा बसला होता.

गजाबा खूश होऊन म्हणाला, "साहेब, बघा. अस्सल एकदम कोरडं हाय."

मामांना सगळं समजलं तेव्हा ते रागावलेसुद्धा नाहीत. त्या थकल्या माणसानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "माजी फेरी झाली म्हना की," ते पुटपुटले. "कागदावर झाली." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

साहेबांनी चौकीची वही उघडली. साहेब नियमाचे पक्के होते, म्हणजे थोडेफार गजाबाच्याच जातीचे. त्यांनी नोंदीवर बोट ठेवलं.

"हवालदारसाहेब, नोंदीप्रमाणे तुम्ही वर आहात. खाली आल्याची नोंद करायला हवी. पण वर गेलेला माणूस वरूनच खाली यायला पाहिजे. खोलीतून आलेला मला चालणार नाही." त्यांनी टोपी सारखी केली. "चला, गाडीत बसा. तुम्हाला वरून खाली आणायचंय."

उजेड होता तोवर मामा खिंडीत पोचले. दगड तिथंच होता. दगडाला टेकून, छातीवर धोंडा घेऊन मामांची झेरॉक्स बसली होती. मामा आधी हसले, मग दगडाला मिठी मारून पोटभर रडले.

"मी तुमच्या दोस्तास्नी सांगितलं हुतं, मामा आल्यात म्हणून," गजाबा म्हणाला. "त्यांनी वळाकलं असंल न्हवं?"

मामांनी डोळे पुसले आणि भाच्याच्या पाठीवर हात ठेवला. जन्मात पहिल्यांदाच ते म्हणाले, "शाबास गजा. ब्येस केलंस. हितनं फुडं असंच करीत जा."

तिथंच घात झाला.

"व्हय मामा. ध्यानात ठेवीन."

वैशाखात गजाबाचं लग्न निघालं. सगळं गाव मांडवात जमलं. भटजींनी अंतरपाट धरला. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, अंतरपाट खाली आला आणि नवरी किंचाळली. समोर पाटावर पानभर गजाबा होता. मुंडावळ्या बांधलेला, छातीवर धोंडा ठेवलेला.

मामा धावत घरी गेले. माजघराला आतून कुलूप होतं. त्यांनी दारावर दणादण लाथा घातल्या.

आतून शांत आवाज आला, "काळजी करू नगा मामा. अस्सल कोरडं हाय."