हंबाईची कपार

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. पारावरचा वड तेव्हा माणसाच्या गुडघ्याएवढा होता, असं म्हणतात.

कपारवाडीत भिवरा नावाची परटीण राहायची. ओढ्याकाठी, उंच कड्याच्या पायथ्याशी तिचा धुण्याचा दगड होता. सकाळी गाठोडं घेऊन जायची, उन्हं कलली की घड्या घेऊन परतायची. बोलणं जवळजवळ नाहीच. कुणी काही सांगू लागलं की हातातलं काम न थांबवता म्हणायची, "हं." सासूनं गाऱ्हाणं सांगितलं, "हं." शेजारणीनं स्वतःच्या सासूचं गाऱ्हाणं सांगितलं, तरी "हं." पोरांनी तिचं नाव हंबाई ठेवलं होतं, आणि थोरांनाही तेवढा पोच नव्हता, तेही माघारी तेच म्हणायचे. भिवराला ते कळायचं. वाईटही वाटायचं. पण त्यावर ती तरी काय बोलणार?

आता या गावची रीत अशी, की खोलजाईच्या यात्रेत देवीपुढं दरसाल एक नवंकोरं गाणं व्हायचं. गेल्या सालचं चालायचं नाही. नवं गाणं झाल्याशिवाय पालखी जड होते, आठ गडी लागले तरी जागची हलत नाही, असं म्हणतात. गाणं रचायचा मान तुळाजी गोंधळ्याचा होता. पंधरा वर्षं त्यानं एकदाही देवीला ताटकळत ठेवलं नव्हतं. पण त्या साली श्रावणात त्याची बायको सारजा देवाघरी गेली, आणि यात्रेचा चैत्र तोंडावर आला तरी तुळाजीला एक ओळ सुचेना.

गाव हवालदिल झालं. पाटलांनी पेठेतून शास्त्रीबुवा आणवले. बुवांनी तुळाजीकडे एकवार पाहिलं आणि सांगितलं, "यांना स्फूर्ती हवी." मग घटकाभर ते स्फूर्तीवर बोलले. ती वरून येते म्हणाले, आतून येते म्हणाले, आणि आणता येत नाही असंही म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. बुवा गेल्यावर पाटलांनी हळूच विचारलं, "पर ही मिळती कुठं?"

मग काय विचारता! तुळाजीला मध चाटवला. बदाम चारले. वरून येते म्हणून पहाटे डोंगरावर नेऊन बसवला. चार बोटं पोट तेवढं सुटलं त्याचं.

यात्रेच्या आदल्या सकाळी तुळाजी ओढ्यावर आला. हातात त्याचा गोंधळाचा झगा होता.

"भिवराबाय, एवढा धुऊन ठेव. उद्या दुसऱ्या कुनाच्या तरी अंगावर चढंल. माझ्याच्यानं आता हुईत न्हाई."

"हं," म्हणत भिवरानं झगा पाण्यात बुडवला.

तो जायला वळला, थांबला, आणि तिथंच वाळूत बसला. "खरं सांगू? सुचायचं तवा मी काय येगळं करत नव्हतो. सारजा भाकरी थापायची, मी चुलीम्होरं बसून बोलायचो."

"हं."

"ती मान वर करायची न्हाई. पर हं म्हनायची. आत्ता तू म्हनलीस, तसंच. तेवढ्यावर फुडची ओळ यायची." तो वाळूत रेघोट्या ओढू लागला. "गानं सरल्यावर वाहवा म्हनायला अख्खं गाव हाय, बाय. मधी हं म्हनायला कोन न्हाई."

काम करता करता भिवराचे हात कधी थांबत नसत. तेव्हा थांबले. ज्या एका अक्षरापायी गाव तिला हसत आलं होतं, ते अक्षर हा माणूस श्रावणापासून शोधत होता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं झगा पुन्हा उचलला, दगडावर आपटला आणि म्हणाली, "हं."

तुळाजी बोलू लागला. सारजाच्या भाकरीविषयी, तिच्या काकणांविषयी, रिकाम्या चुलीविषयी. बोलता बोलता बोलणं धुण्याच्या तालात आलं आणि तालात येता येता त्याचं गाणं झालं. कड्यावरच्या मधमाश्या पोळं सोडून खाली ऐकायला आल्या, ओढा जागीच थांबला, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तुळाजी तोच झगा घालून देवीपुढं उभा राहिला. गाणं रंगलं. पण सारजाच्या काकणांची ओळ आली आणि तो अडला. पुढचं काही आठवेना. संबळ थांबलं. भोई पालखीला खांदा लावून घामाघूम झाले, पालखी हलेना.

भिवरा सगळ्यांच्या मागं उभी होती. त्या शांततेत तोंड उघडायचं म्हणजे गावभरचं हसू ओढवून घ्यायचं. तरी ती म्हणाली, आजवर कधी बोलली नव्हती एवढ्या मोठ्यानं, "हं!"

कुणी हसलं नाही. तुळाजीनं मान वर केली आणि पुढची ओळ आली. चार भोयांनी पालखी फुलांच्या परडीसारखी उचलली.

तेव्हापासून ओढ्यावर माणसांची रीघ लागली. कुंभार यायचा, सोंगांचे मुखवटे कोरणारा सुतार यायचा, ओव्या जुळवणाऱ्या बायका यायच्या. भिवरा कुणाला चांगलं म्हणाली नाही की वाईट म्हणाली नाही. धुणं मात्र प्रत्येकाकडून पिळून घ्यायची.

पुढं ती म्हातारी झाली. एका दुपारी दगडावर घड्या घातलेलं धुणं सापडलं, भिवरा सापडली नाही. गावानं रान पालथं घातलं. शेवटी थकलेला तुळाजी काठी टेकत आला आणि कड्याकडं बघून म्हणाला, "भिवराबाय, गानं अर्धं ऱ्हायलंय गं माझं."

कड्यातल्या कपारीतून आवाज आला, "हं."

दुसरे कडे तुमचंच बोलणं तुम्हाला परत देतात. हा कडा, काहीही सांगा, फक्त हं म्हणतो, असं म्हणतात.

कपारवाडीत स्फूर्ती हा शब्द अजूनही शाळेच्या पुस्तकातच आहे. कुणाचं गाणं, कुणाचा मुखवटा अडला, तर लोक विचारतात, "हं मिळालं का?" नसेल मिळालं तर त्याला कपारीकडं पाठवतात, आणि जाताना घरातला एखादा कपडा धुवायला देतात. हंबाईकडं रिकाम्या हातानं जात नाहीत. ते नाव आता हात जोडून घेतात.

आणि यात्रेत गाणारा नव्या गाण्याच्या मध्यावर मुद्दाम थांबतो. संबळ थांबतं. भोई खांदा लावून उभे राहतात. पाटील, सरपंच, पुढं बसलेले मानकरी, कुणी ब्र काढायचा नाही. मग सगळ्यांच्या मागं जी बाई उभी असेल, ती म्हणते, "हं." तेव्हा पालखी उठते.