केशवराजाचा पलंग

नदी जिथे खडकाला वळसा घालून दक्षिणेकडे वळते, तिथे खडकवळण नावाचे गाव होते. त्या गावी वाकळनाथ महाराज राहत. राहत म्हणजे काय, केशवराजाच्या देवळाबाहेर कडुलिंबाच्या पारावर बसलेले असत. अंगावर एक वाकळ, बाकी सगळा संसार आभाळाखाली! कुणी पाया पडायला वाकले की महाराज पाय आखडून घेत आणि म्हणत, "देवाच्या पड रे बाबा, माझे मळलेत." अशा या सत्पुरुषाने देवालाच जागा कशी मागितली, ते ऐका.

गावाच्या वेशीबाहेर सरकारी दवाखाना होता. डॉक्टर गुणाचा माणूस. पण खाटा मोजक्या आणि रोग्यांची ही रीघ! टाके घालून झाले की बिचारा सांगे, "आता घरी जा, कोरड्या जागी पडून राहा, गरम गरम खा." सल्ला लाखाचा हो! पण ज्याला घरच नाही त्याने जावे कुठे? अशी माणसे दवाखान्यातून उठत आणि समोरच्या गाडीतळावर बैलांच्या शेजारी येऊन पडत. कुणी जगे, कुणी जाई. गाव नाकाला पदर लावून बाजूने जात असे.

ठकूबाईला मात्र तसे जाता येत नसे. ती देवळाचे अंगण झाडी, देवाचे हार करी आणि देवळामागच्या पडवीत राही. पूर्वी तिचा नवरा याच गाडीतळावर गेला होता. तेव्हा दोघांना डोक्यावर छप्पर नव्हते. दवाखान्याने वाचवला होता त्याला, आणि ओल्या जमिनीने नेला. तेव्हापासून तळावर कुणी कण्हले की तिचे पाय तिकडे वळत.

पौषातली गोष्ट. म्हसू नावाचा एक वडार तळावर कुडकुडत पडलेला तिला दिसला. रस्त्याच्या कामावर सुरुंगाचा दगड पायावर आला होता. दवाखान्यातून सुटेपर्यंत त्याची टोळी पुढच्या कामाला निघून गेली होती. कुठे, ते त्यालाही ठाऊक नव्हते. ठकूबाईने दोन गाडीवानांच्या हातापाया पडून त्याला पडवीत आणला.

"अक्का, कशाला वं? लोक बोलत्याल तुमास्नी," म्हसू म्हणाला.

"बोलू देत. लोकांच्या तोंडाला कुणी हात लावायचा? तू गप पड."

पण तोंडाला हात लावता आला नाही तसा पडवीच्या गळक्या छपरालाही लावता येईना. अवकाळी पाऊस झाला, भुई ओली झाली, आणि म्हसूचा पाय पुन्हा सुजला. अंग तव्यासारखे तापले. डॉक्टर येऊन नवी पट्टी बांधून गेला. जाताना म्हणाला, "बाई, दवाखान्यात एकेका खाटेवर दोघं निजलेत. याला कुठेतरी उंच, कोरड्या जागी निजव, पाय उशीवर ठेव. आणि एकदा निजवलास की हलवू नकोस. या ओलीत राहिला तर पाय जाईल. मग माणूसही जाईल."

झाले! ठकूबाईच्या पायाला भिंगरी लागली. पाटलाकडे गेली, तिथे पाहुणे होते. वाण्याकडे गेली, तिथे गुळाच्या ढेपा होत्या. मध्येच धावत पडवीत येई, म्हसूच्या तोंडात पाणी घाली, त्याच्या कपाळाला हात लावी आणि पुन्हा बाहेर पळे. शेवटी ती विसाजीपंतांच्या ओसरीपुढे उभी राहिली. पंत देवळाचे वहिवाटदार. पूजेचा मान त्यांचा, किल्ल्या त्यांच्या, आणि तोराही त्यांचाच!

"काय गं ठके," पंत पान जुळवत म्हणाले, "अंगण झाडता झाडता डॉक्टरीण कधी झालीस?"

ओसरीवरची मंडळी खो खो हसली.

"पंत, सभामंडपाचा एक कोपरा द्या. लेकरू मरंल वं."

"ते देऊळ आहे, धर्मशाळा नव्हे! पू-रक्ताचा माणूस देवापुढे आणून ठेवू म्हणतेस? एक तर परका पुरुष पडवीत घेऊन बसलीस, त्यात हे! जनाची नाही, मनाची तरी ठेव."

तिला मेल्याहून मेल्यासारखे झाले. डोळ्यांतले पाणी पुसायलाही न थांबता ती पाराकडे धावली आणि महाराजांपुढे मटकन बसली. "महाराज, मी वेडी का हो? घरात धड भिंत नाही नि दुसऱ्याला आणून ठेवला. माझ्याच हातानं मरणार आता तो!"

महाराज म्हणाले, "ठकू, गावात रिकामा पलंग कुठेच नाही?"

"कुणाचा रिकामा असणार? एक देवाचा आहे तेवढा."

खरेच होते ते. गाभाऱ्याशेजारी देवाचे शेजघर होते, दिवसा उघडेच असे. तिथे पंतांच्या वडिलांनी दिलेला शिसवी पलंग होता. त्यावर मऊ गादी, गिरद्या, लोकरीची शाल. रोज रात्री शेजारती झाली की देव त्यावर निजतो अशी भावना होती.

"अगं, मग ज्याचा आहे त्याला विचारू की," असे म्हणत महाराज उठले. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी केशवराजाला हाक मारली. शेजाऱ्याला मारतात तशी! "केशवा, युगानुयुगं उभा आहेस. आणखी चार दिवस उभ्यानं काढशील का? एका लेकराला पाठ टेकायची आहे." मग कान देऊन क्षणभर थांबले, आणि वळून म्हणाले, "हो म्हणतोय. आण त्याला."

ठकूबाई कचरली. देवाच्या पलंगावर? पण महाराजांनी पडवीत जाऊन स्वतः म्हसूला काखेत धरले होते. तिला त्याचा पाय उचलावाच लागला. त्यांनी त्याला पलंगावर निजवले, गिरदी पायाखाली दिली, शाल पांघरली. "द्येवा, माफ कर रं," एवढे बोलून म्हसूची शुद्ध हरपली.

रात्री शेजारतीला पंत गड्यांसह आले आणि दारातच थिजले. मग जो भडका उडाला! "माझ्या वडिलांचा पलंग! बाटवला! ओढा रे त्याला बाहेर!"

ठकूबाई पलंगाच्या आड आली. "हलवलं तर जाईल तो, पंत! मला मारा, पण त्याला हात लावू नका!"

महाराज शांतपणे म्हणाले, "पंत, पलंग देवानं दिलाय. परत हवा तर त्याच्याकडेच मागा. सकाळच्या पूजेला विचारा. तोवर निजू दे."

महाराजांच्या शब्दापुढे पंतांना जाता येईना. "ठीक आहे," ते दात चावत म्हणाले, "पूजा होईपर्यंत! मग गाडीत घालतो आणि तळावर टाकतो. बघतो कोण अडवतं ते."

ती रात्र ठकूबाईने कशी काढली, ते तिचे तिलाच ठाऊक. फडकी भिजवायची, पिळायची, कपाळावर ठेवायची. ताप उतरायचे नाव घेईना. बाहेर जरा कुठे चाक वाजले की तिचा जीव गोळा होई. तिने नवस केला नाही. नवस करायला तिच्यापाशी होते तरी काय? "तू हो म्हणालास ना? मग आता पाठ फिरवू नको," एवढेच ती भिंतीपलीकडच्या देवाला घोकत राहिली.

उजाडले. गाडी खरोखरच देवळाच्या दाराशी येऊन उभी राहिली. दोन गडी शेजघरात शिरले. पंत सोवळे नेसून गाभाऱ्यात गेले. म्हसूचा श्वास भात्यासारखा चालला होता. ठकूबाईने पलंगाचा खूर दोन्ही हातांनी गच्च धरला आणि त्यावर डोके टेकून ती हमसाहमशी रडू लागली. गडीही चुळबुळत उभे राहिले. मालकाची हाक आल्याशिवाय त्यांच्याने हात घालवेना.

तिकडे पंतांनी देवावर पाण्याचा तांब्या ओतला. पौषातले विहिरीचे गार पाणी ते. पण मूर्तीवर पडताच त्याची वाफ झाली! पंत दचकले. भास असेल, म्हणून त्यांनी चंदनाची उटी लावली. ती बोटाखालीच वाळली, तडकली आणि पापुद्रे होऊन खाली पडली. पुन्हा लावली, पुन्हा पडली. मग त्यांनी भीत भीत देवाच्या कपाळाला हात लावला, आणि गाभाऱ्यातून पंतांचा असा आवाज आला की गडी धावत सुटले.

"महाराज! अहो महाराज! देवाला ताप चढलाय हो!"

त्याच क्षणी ठकूबाईच्या मनगटावर ओला हात पडला. तिने वर पाहिले. म्हसूच्या कपाळावर घामाचे थेंब डवरले होते. तिने गालाला हात लावला, गळ्याला लावला, पुन्हा पुन्हा लावला. अंग गार! "अक्का," तो क्षीण आवाजात म्हणाला, "वाईच पेज मिळंल का?" अहाहा! त्या माउलीला हसावे की रडावे तेच कळेना.

पंत शेजघराच्या दारात आले. त्यांनी गार पडलेला म्हसू पाहिला, मग स्वतःच्या पोळलेल्या बोटांकडे पाहिले. हाक ऐकून पारावरून आलेले महाराज म्हणाले, "पंत, ज्यानं पलंग दिला तो ताप दुसऱ्या कुणाला घेऊ देईल? आता विचारा त्याला, पलंग परत देतोस का म्हणून."

"नको महाराज! माझी जीभ झडो!" पंत त्यांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी सवयीप्रमाणे पाय आखडले.

"माझे नकोत. आणि हे बघा, देवानं ताप घेतला, पण जखम नाही घेतली. ती रोज धुवावी लागेल. ठकूला लिंबाचा पाला उकळून हवा, स्वच्छ धोतराच्या पट्ट्या हव्यात, मुगाचं कढण हवं. ते कोण आणणार?"

"मी आणतो," पंत म्हणाले. सोवळ्यानेच घरी गेले आणि पेजेचे भांडे स्वतः घेऊन आले. ठकूबाईसमोर त्यांची मान वर होईना. "ठकूबाई," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी तिला अशी हाक मारली होती. "मी तुला नाही नाही ते बोललो. मला हे काम शिकव." मग ते पलंगाच्या पायथ्याशी वाकले आणि त्यांनी म्हसूच्या पावलांवर डोके ठेवले.

"अवं बाबा, हळू!" म्हसू कळवळला. "तोच दुखरा हाय!"

ठकूबाईला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू फुटले, आणि महाराज तर पोट धरून हसले.

दुपारपर्यंत केशवराजाची मूर्ती नेहमीसारखी थंडगार झाली. त्या रात्री शेजारतीला गाव लोटला. चमत्काराची वार्ता ती, लपते थोडीच! आरती लावली गेली. घंटेखालच्या माणसाने सवयीने हात वर केला, तोच सोवळ्यातले विसाजीपंत शेजघरातून लगबगीने आले आणि त्यांनी घंटेचा लोळा मुठीत धरला.

"हळू रे," ते कुजबुजले, "देव आत्ताच झोपलाय."