खुमलीयाहाची रांग

डोंगरात डांबरी सडक आली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. सातपुड्याच्या पोटात उंबरकुंड नावाचं भिलांचं एक गाव होतं. तिथे खुमली नावाची सुईण राहायची. लोक तिला खुमलीयाहा म्हणत. याहा म्हणजे आई. निम्म्या डोंगराचा जन्म तिच्या हातावर झालेला. पोर आडवं आलं तर ती आईच्या पोटावर तळवा ठेवून त्याच्याशी बोलायची, आणि पोर ऐकायचं, वळायचं. भर उन्हाळ्यातही तिच्या तळव्यांना झऱ्याच्या पाण्याचा गारवा असायचा, असं म्हणतात.

त्याच गावात वेस्ता राहायचा. त्याचा मुलगा गुंजाऱ्या गावातला पहिला मॅट्रिक. पुढे शिकायला तो शहरातल्या कॉलेजात गेला, पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन एकटाच गेला. तिथली मुलं त्याच्या बोलण्याला हसली, नावाला हसली. वसतिगृहात त्याच्या शेजारी जेवायला कुणी बसेना. एका सकाळी तो फाटकाबाहेर पडला, तो पुन्हा कुणाला दिसलाच नाही. वेस्ता पार गुजरातेत उसाच्या फडांपर्यंत शोधून आला, रिकाम्या हाताने.

तेव्हा गावाचा कारभारी दिता याने सगळ्यांना बसवलं आणि सांगितलं, "ते कॉलेज आपली पोरं खातं. आजपासून दहावीच्या पुढे कुणी जायचं नाही." गावाने मान डोलावली, खुमलीयाहानेही.

अशी बरीच वर्षं गेली. मग जयनीचं बाळंतपण आलं. पोर सुखरूप बाहेर आलं, पण जयनीचं रक्त थांबेना. खुमलीयाहाने तिला माहीत होती ती सगळी मुळं दिली, पोट दाबून धरलं, देवाला हाक मारली. शेवटी माणसं बांबूला झोळी बांधून, जयनीला घेऊन डोंगर उतरायला लागली. खिंडीच्या अलीकडेच जयनी गेली.

झोळी परत आली तेव्हा जयनीची धाकटी बहीण रोहमी पोराला छातीशी धरून दारात उभी होती. नुकतीच दहावी झालेली. ती रडली नाही. तिने विचारलं, "याहा, हे रक्त थांबवायचं कुठे शिकवतात?"

"शहरात शिकवत असतील, बाई."

"मग मी जाते."

खुमलीयाहा आपल्या झोपडीत गेली आणि हात पुढे धरून बसली. त्या दिवशी तिच्या तळव्यांचा गारवा गेला, हात निखाऱ्यासारखे तापले, आणि पुढे जे घडलं ते घडेपर्यंत तापलेलेच राहिले, असं म्हणतात.

दुसऱ्या दिवशी ती दिताच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "रोहमीला कॉलेजात पाठवायचं," ती म्हणाली.

"याहा, तू विसरलीस का? तिकडे गेलेलं पोर परत येत नाही."

"ते एकटं गेलं. आपण त्याला एकटं धाडलं, दिता! पोटातून बाहेर येणाऱ्या पोरालासुद्धा कुणीतरी धरायला लागतं. तूही माझ्याच हातात आलास. बाहेर यायला तयार नव्हतास, मीच ओढून काढलं तुला."

अंगणातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दिता हसला नाही. तो म्हणाला, "मग करायचं काय?"

"सगळ्यांनी सोडायला जायचं."

कॉलेज उघडायच्या सुमाराला उंबरकुंड निघालं. म्हातारी माणसं, कडेवरची पोरं, ढोलवाले, सगळे. रोहमीची पेटी कुणी घ्यायची यावर तरण्या पोरांची हमरीतुमरी चालली होती, तेवढ्यात वेस्ता पुढे आला. "पेटी मला द्या," तो म्हणाला. "माझ्या पोराला सोडायला मी गेलो नव्हतो." पोरांनी पेटी त्याच्या डोक्यावर चढवली.

वाटेत पाडे लागले. खुमलीयाहाला पाहून माणसं कामं टाकून रांगेत शिरली, कारण कुणाचा ना कुणाचा जन्म तिच्या हातचा होताच. नदी दुथडी भरलेली होती. खुमलीयाहाने तापलेला तळवा पाण्याला लावला, तशी नदी गुडघ्याएवढी झाली आणि शेवटचं माणूस उतरेपर्यंत तशीच थांबली. खिंडीतून एक वाघीण निघाली आणि गाईसारखी रांगेपुढे चालत राहिली. रांगेचं डोकं शहरात शिरलं तेव्हा शेपूट अजून डोंगरातच होतं, असं म्हणतात.

कॉलेजचा शिपाई घाबरला. त्याने आत जाऊन सांगितलं की मोर्चा आलाय. प्राचार्य धावत बाहेर आले तर सगळं पटांगण माणसांनी भरलेलं, आणि सगळी माणसं शांत बसलेली.

"तुमच्या मागण्या काय आहेत?" त्यांनी विचारलं.

"मागणी कसली? पोरीला सोडायला आलोय," खुमलीयाहा म्हणाली. डोंगरात सगळ्यांनाच तू म्हणतात, तशी ती पुढे म्हणाली, "तू मोठा आहेस ना इथला? मग सांग, इथे हिचं कोण?"

प्राचार्यांना प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "प्रवेश मिळेल, वसतिगृहही मिळेल."

"ते असू दे. हिला ताप आला, कुणी हसलं, रडू आलं, तर इथे हिचं कोण?"

व्हरांड्यात मास्तर उभे होते, मुलं उभी होती. ऊन चढलं. माणसं उठली नाहीत. रोहमीने मान खाली घातली होती, आणि वेस्ताने पेटी अजून डोक्यावरून उतरवली नव्हती.

मग व्हरांड्याच्या टोकाकडून एक बाई पायऱ्या उतरून आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या कुमुद पेठे. अंगाने किरकोळ, आवाज त्याहून बारीक. त्या म्हणाल्या, "मी आहे."

नुकतं जन्मलेलं पोर मावशीच्या हातात द्यावं, तसा खुमलीयाहाने रोहमीचा हात त्यांच्या हातात दिला. "आता तू आमच्याकडे यायचं," ती म्हणाली. "हिचं घर बघितलं नाहीस तर हिला कशी सांभाळशील?"

कुमुदबाई होळीला खरंच आल्या. चपला तुटल्या तेव्हा शेवटचा डोंगर अनवाणी चढल्या. भर बैठकीत त्यांनी कारभाऱ्याला विचारलं, "तुमची पोरं आमच्याकडे यायला का भितात?" मग गाव बोलायला लागलं. त्यांनी मधे तोंड न घालता ऐकलं, वेस्ताचं तर सगळंच ऐकलं. परत गेल्यावर त्या वसतिगृहात रोज रोहमीशेजारी जेवायला बसू लागल्या. पाहता पाहता मुलीही बसू लागल्या. पुढच्या होळीला त्यांच्याबरोबर आणखी मास्तर आले.

गुंजाऱ्या मात्र आला नाही, हेही सांगायला हवं. वेस्ता दर वर्षी कुणाची तरी पेटी उचलून शहरात जायचा आणि रस्त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघायचा.

रोहमी पुढे डॉक्टरकी शिकली आणि डोंगरात परतली. एकदा जयनीसारखीच बाई आली, रक्त थांबेना. रोहमीचे हात चालत होते आणि उशाशी खुमलीयाहा त्या बाईशी बोलत होती. रक्त थांबलं. बाईही जगली, पोरही जगलं. खुमलीयाहाने आपले हात गालांना लावून पाहिले. ते गार होते.

त्यानंतरच्या वर्षी पोरांना सोडायला रांग निघाली, तेव्हा म्हातारी खुमलीयाहा सगळ्यांच्या पुढे चालत होती. खिंडीत धुकं होतं. धुकं विरलं तेव्हा पोरं होती, ढोल होते, ती नव्हती. वाटेवर पावलं होती, आणि ती शहराकडेच गेलेली होती, असं म्हणतात.

आता सडक झाली आहे, एसटी येते. तरीसुद्धा कॉलेज उघडतं त्या दिवशी उंबरकुंडातलं कुणी एसटीत बसत नाही. पाड्यापाड्यातून खुमलीयाहाची रांग निघते आणि चालतच पटांगणात येऊन बसते. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई उठते आणि एकेका पोराचं नाव घेऊन विचारते, "इथे ह्याचं कोण?" कुणी पुढे येऊन हात धरेपर्यंत रांग हलत नाही. पूर्वी त्यात दुपार व्हायची. हल्ली तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच व्हरांड्यातून कुणीतरी डोंगरातलंच माणूस पळत येतं, असं म्हणतात.